वस्तूच्या पोटात काय दडलंय? ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर आणि त्याच्या अडचणी



तुमच्या शाळेत संगणकाची तासिका असेल, आणि मुलांना नुसतं टायपिंग न शिकवता थोडं प्रोग्रामिंग शिकवावं असं तुम्हाला वाटत असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. विषय जरा आडवळणाचा आहे. संगणकावर आपण जी वस्तू तयार करतो, तिच्या आत डोकावून बघण्याची एक खिडकी असते. तिला ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर म्हणतात. ही खिडकी मुलांना (आणि आपल्यालाही) गोंधळात कशी टाकते, ते आज पाहू. मी यात स्वतः एकदा चांगलीच फसले आहे. तेही सांगते, पण आधी थोडी तयारी करू.

ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू. वर्गात मी हे प्रगतिपुस्तकावरून सांगते. प्रगतिपुस्तकात नाव, हजेरी क्रमांक, उंची, वजन, गुण अशा नोंदी असतात. समजा हे प्रगतिपुस्तक जिवंत आहे आणि त्याला आपण "तुझी टक्केवारी सांग" असा हुकूम देऊ शकतो. म्हणजे नोंदीही त्याच्याकडेच आणि कामंही तेच करणार. झाली वस्तू! पडद्यावरचा चेंडू ही अशीच एक वस्तू असते. तो कुठं आहे, कोणत्या रंगाचा आहे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे, या त्याच्या नोंदी. पुढे जा, वळ, ही त्याची कामं.

आता या नोंदी बघायच्या कशा? पुस्तक उघडून. ते उघडण्याचं साधन म्हणजेच इन्स्पेक्टर.

ही कल्पना आली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून. पालो आल्टो इथल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक नावाची भाषा तयार केली. आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे, ती भाषा वापरून बघायला त्यांनी शाळेतली मुलं बोलावली होती. पुढं १९९६ मध्ये यातल्याच काही मंडळींनी ॲपल कंपनीत स्क्वीक तयार केलं, आणि स्क्वीकच्या अंगाखांद्यावर मुलांसाठीचं ईटॉइज उभं राहिलं. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाच्या हिरव्यापांढऱ्या लॅपटॉपमध्ये हेच ईटॉइज होतं. तो लॅपटॉप २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा शाळेतही आला होता. म्हणजे आपला आणि याचा अगदीच संबंध नाही असं नाही.

ईटॉइज फुकट मिळतं, जुन्या संगणकावरही चालतं, म्हणून मी ते घेतलं. त्यात एखाद्या चित्रावर माऊसची उजवी कळ दाबली की त्याच्याभोवती रंगीत गोल चकत्यांचं कडं उमटतं. त्याला हॅलो म्हणतात. देवाच्या तसबिरीत डोक्यामागं तेजोवलय असतं ना, तेच. त्यातल्या एका चकतीवर डोळा असतो. तो दाबला की व्ह्यूअर उघडतो, आणि त्यात चेंडूच्या नोंदी दिसतात: एक्स किती, वाय किती, तोंड कुठं, रंग कोणता. तिथला आकडा बदलला की पडद्यावरचा चेंडू लगेच हलतो. मुलांना याची फार गंमत वाटते. व्ह्यूअर म्हणजे मुलांसाठी सजवलेला इन्स्पेक्टरच म्हणा.

आता माझी फजिती ऐका.

सहावीतली एक मुलगी चेंडू आणि झाड असं चित्र करत होती. चेंडू लाल होता आणि तिला तो पिवळा करायचा होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मॅडम, मी पिवळा केलाय, पण तो लालच दिसतोय." मी जाऊन बघितलं. चेंडू लाल. व्ह्यूअरमध्ये रंग पिवळा. मला वाटलं हिनं भलतंच काहीतरी दाबलंय. म्हटलं, "अगं, समोर लाल दिसतोय ना? मग मनाचं सांगू नकोस. पहिल्यापासून कर." ती म्हणाली, "नाही मॅडम, मी खरंच केला." वर्ग हसला. मीही, खरं सांगते, थोडी हसले.

पुढचे दोन शनिवार ती संगणकाच्या तासाला आलीच नाही. पाणी भरायचं होतं, भावाला सांभाळायचं होतं, अशी कारणं सांगायची.

तिसऱ्या शनिवारी संगणक बंद करताना मी तिची फाईल उघडली आणि सहज झाड ओढून बाजूला केलं. झाडामागं एक पिवळाधम्मक चेंडू बसला होता!

झालं होतं असं. हॅलोमध्ये एक हिरवी चकती असते. ती दाबली की वस्तूची नक्कल तयार होते. तिचा हात चुकून तिच्यावर पडला आणि एकाचे दोन चेंडू झाले. नक्कल तिनं मोकळ्या जागेत ठेवली, आणि नंतर झाड सरकवलं तेव्हा मूळ चेंडू झाडामागं गेला. व्ह्यूअर मात्र मूळ चेंडूचाच उघडा राहिला होता. तिनं रंग बदलला तो झाडामागच्या चेंडूचा. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. चूक होती ती माझ्या बघण्यात.

आणि थोडी त्या खिडकीच्या मांडणीतही. वर एकाचं नाव 'इलिप्स', दुसऱ्याचं 'इलिप्स१'. एवढाच काय तो फरक! जुळ्या भावांच्या गणवेशावर एकाच्या खिशाला टाचणी लावल्यासारखं. खिडकी आणि वस्तू यांना जोडणारी रेघ नाही, दोरी नाही. मग मुलानं ओळखायचं कसं, की मी ज्याच्या नोंदी बघतोय तो हाच का दुसरा?

त्यानंतर मी याबद्दल मिळेल ते वाचत गेले. ही अडचण जुनी आहे आणि मोठमोठ्या लोकांनाही पडलेली आहे. सेल्फ नावाची एक भाषा आहे, डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांची. तिच्या पडद्यावर त्यांनी एक नियमच केला: एका वस्तूची एकच खिडकी. ती खिडकी आधीच उघडी असेल आणि तुम्ही पुन्हा मागितलीत, तर नवी उघडत नाही, जुनीच सरकत तुमच्याजवळ येते. म्हणजे खिडकी हीच वस्तू असं वाटायला लागतं. स्मॉलटॉकच्या साध्या इन्स्पेक्टरमध्ये तसं नाही. एकाच वस्तूवर तुम्ही पाच खिडक्या उघडू शकता, आणि त्या पाच वेगळ्या वस्तू आहेत की एकच, हे तुम्हीच लक्षात ठेवायचं. मला सेल्फवाल्यांचं म्हणणं पटतं. मुलांच्या हातात द्यायचं तर तसंच हवं.

आता व्ह्यूअरच्या खाली उतरू. स्क्वीकमध्ये सजावट नसलेला, मूळ इन्स्पेक्टरही असतो. डावीकडं नोंदींच्या नावांची यादी, उजवीकडं निवडलेल्या नोंदीची किंमत, आणि खाली हुकूम टाइप करायला एक पट्टी. दिसायला अगदी सोपा. तुम्ही घरी करून बघा. स्क्वीकच्या लिहायच्या खिडकीत 'कलर रेड इन्स्पेक्ट' असा हुकूम इंग्रजी अक्षरांत द्या. म्हणजे, लाल रंगा, तुझ्या पोटात काय आहे ते दाखव. यादीत 'आरजीबी' अशी एक नोंद दिसेल. ती निवडली की उजवीकडं येईल १०७२६९३२४८.

हा लाल रंग?

हो, हाच. स्क्वीकमध्ये रंग एकाच मोठ्या संख्येत भरून ठेवतात. लाल, हिरवा आणि निळा या तिघांना प्रत्येकी १० बिट, म्हणजे प्रत्येकाची किंमत ० ते १०२३. निळा एककाच्या जागी, हिरवा १०२४ च्या पटीत, लाल १०,४८,५७६ च्या पटीत. १०२३ गुणिले १०,४८,५७६ केलं की वरची संख्या मिळते. हिरवा रंग तपासलात तर १०,४७,५५२ येईल, निळा तपासलात तर नुसते १०२३. स्थानिक किंमत शिकवायला हे उदाहरण झकास आहे. दशमान पद्धतीत दहाची घरं, इथं १०२४ ची घरं. सातवीला मी फळ्यावर करून दाखवलं, दोघातिघांनी वहीत पडताळाही घेतला.

पण ज्या मुलाला फक्त "माझा चेंडू लाल आहे का?" एवढंच विचारायचं होतं, त्याला हे उत्तर काय कामाचं? शेतकऱ्याला विचारलं, बाबा तुमचं शेत कुठलं, तर तो म्हणतो, "ओढ्यापलीकडचं, आंब्याचं." सातबारा उघडला तर तिथं गट क्रमांक. दोन्ही खरंच. पण इन्स्पेक्टर आपल्याला कायम सातबारा दाखवतो. ज्यानं रंगाची वस्तू रचली त्याच्या सोयीची मांडणी दिसते. जो बघतोय त्याचा प्रश्न काय आहे, हे त्या खिडकीला ठाऊकच नसतं. माझ्या मते इन्स्पेक्टरची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, बाकीच्या तिच्या मागून येतात.

यादीचंही तसंच. नावं साठवायला स्मॉलटॉकमध्ये 'ऑर्डर्ड कलेक्शन' वापरतात. त्यात तीन मुलांची नावं घातली आणि थेट पोटात बघितलं, तर तीन नावं सरळ दिसत नाहीत. आत एक रांग असते, तिच्यात पुढं लागतील म्हणून जागा आधीच राखलेल्या असतात, आणि रिकाम्या जागांवर 'निल' लिहिलेलं असतं. शिवाय पहिलं नाव कुठून सुरू, शेवटचं कुठं, असे दोन आकडे. आपल्या हजेरीच्या पानावर खाली कोऱ्या ओळी उरतात तशा. आपण कोऱ्या ओळी मोजत नाही, इन्स्पेक्टर मोजतो. माझ्या वर्गातल्या एकानं विचारलं, "मॅडम, हा निल कोण? आपल्या वर्गात नाही." हसू नका, प्रश्न बरोबर आहे. काही वस्तूंसाठी स्क्वीकनं वेगळे, समजूतदार इन्स्पेक्टर केलेले आहेत, शब्दकोशासारख्या वस्तूंसाठी वगैरे. पण प्रत्येक वस्तूसाठी नाहीत.

परत आपल्या चेंडूकडं येऊ. त्याचा मूळ इन्स्पेक्टर उघडायला गेलात तर मेनूमध्येच अडखळाल. 'इन्स्पेक्ट मॉर्फ', 'इन्स्पेक्ट ओनर चेन', 'एक्सप्लोअर मॉर्फ', अशी भावंडं तिथं ओळीनं बसलेली असतात. कोणतं दाबायचं? समजा पहिलं दाबलं. मग बाउंड्स, ओनर, सबमॉर्फ्स, फुलबाउंड्स, कलर, एक्स्टेन्शन अशी नावं येतात. आता यात चेंडूचं नाव शोधा बरं. नाही सापडणार. ते 'एक्स्टेन्शन'च्या आत आहे. तोंड कुठं आहे ते शोधा. तेही या यादीत नाही. ईटॉइजच्या व्ह्यूअरमध्ये ज्या गोष्टी सगळ्यात वर होत्या, त्याच इथं गायब!

आणखी एक गंमत आहे, बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्ह्यूअरमध्ये वाय वाढवला की चेंडू वर जातो, आपण आलेखात शिकवतो तसाच. शून्य खाली डाव्या कोपऱ्यात. पण मूळ इन्स्पेक्टरमधल्या बाउंड्सचे आकडे बघितले तर तिथं शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि वाय वाढला की खाली. पडद्यावर ओळी वरून खाली रंगवल्या जातात, त्यामुळं संगणकवाल्यांची ती जुनी सवय आहे. म्हणजे एकाच चेंडूबद्दल दोन खिडक्या दोन उत्तरं देतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आलेखाचा धडा नुकताच झालेला असेल तर मुलांना मूळ इन्स्पेक्टर दाखवूच नका. मी दाखवला होता. एक अख्खी तासिका निस्तरण्यात गेली.

पुढची अडचण खिडक्यांच्या गर्दीची. यादीतल्या नोंदीवर दोनदा क्लिक केलं की त्या नोंदीचा नवा इन्स्पेक्टर उघडतो. त्यातल्या नोंदीवर केलं की आणखी एक. चार पायऱ्या उतरलात की पडद्यावर पाच खिडक्या, एकमेकींवर चढलेल्या, आणि कुठून कुठं आलो याचा पत्ता नाही. बाजारात मुलाचा हात सुटल्यासारखी अवस्था होते. स्क्वीकमधला एक्सप्लोरर झाडासारखी उलगडणारी यादी देतो, त्यानं थोडं भागतं. फारो म्हणून स्क्वीकचंच एक भावंड आहे, २००८ मध्ये वेगळं झालेलं. त्याच्या २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत चांगला इन्स्पेक्टर आला. त्यात नोंद निवडली की तिचं पोट उजवीकडच्या शेजारच्या रकान्यात उघडतं, आणि डावीकडं मागची वाट तशीच दिसत राहते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका वस्तूला अनेक पानं देता येतात. एका पानावर कच्च्या नोंदी, दुसऱ्यावर रंगाचा ठिपका किंवा चित्र. सातबाराही आहे आणि आंब्याचं शेतही. हे काम स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांचं. प्रत्येक प्रकारच्या वस्तूसाठी तिला शोभेलशी खिडकी थोडक्या ओळींत घडवता यावी, हा त्यांचा आग्रह. मला तो फार आवडला. पण ती घडवायला प्रोग्रामिंग आधी यायला हवं. आपल्या सहावीतल्या मुलाला ते कसं जमणार, हा प्रश्न उरतोच.

बदल करण्याबद्दल थोडंसं. साध्या इन्स्पेक्टरमध्ये किंमत खोडून नवी टाइप केली म्हणजे बदल झाला, असं नसतं. ती 'ॲक्सेप्ट' करावी लागते. मुलं आकडा लिहून खिडकी सोडून देतात आणि मग म्हणतात बदललाच नाही. शिवाय जे लिहिलं ते शब्द म्हणून घेतलं जात नाही, हुकूम म्हणून चालवलं जातं. नाव लिहायचं तर दोन्ही बाजूंना एकेरी अवतरणचिन्ह हवं, नाहीतर या नावाचं काहीच सापडत नाही अशी तक्रार येते. आणि झालेला बदल परत घ्यायची सरळ सोय नाही. वस्तू जिवंत असते, बदल तिथल्या तिथं लागू. पेनानं लिहिलेल्या गुणपत्रिकेत खाडाखोड केल्यासारखं.

डेल्फी नावाचं एक साधन १९९५ मध्ये आलं. त्यातल्या खिडकीचं नावच ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर. त्यात बटणाला 'नेम' वेगळं आणि 'कॅप्शन' वेगळं. एक आत वापरायचं नाव, दुसरं बटणावर दिसणारं. नवशिका हमखास पहिलं बदलतो. वर आणखी घोळ असा की सुरुवातीला दोन्ही सारखी असतात, तोवर नेम बदललं की कॅप्शनही आपोआप बदलतं. एकदा का कॅप्शन वेगळं केलं की तसं होणं बंद. मुलाला वाटतं, काल तर होत होतं!

ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट शिकवत असाल तर एक सावधगिरीची गोष्ट. क्रोमच्या कन्सोलमध्ये एखादी वस्तू छापली की तिच्याशेजारी छोटा त्रिकोण येतो. समजा छापताना गाडीचा वेग १० होता आणि पुढच्याच ओळीत तो ५० केला. आता त्रिकोण उघडला की आत ५० दिसतात, बाहेरच्या ओळीत मात्र १० च असतात. कारण आतल्या नोंदी छापताना टिपून ठेवलेल्या नसतात, उघडण्याच्या क्षणी वाचल्या जातात. मूल म्हणतं संगणक चुकला. तुम्ही म्हणता तू चुकलास. दोघंही चुकीचे.

मग वर्गात करायचं काय? मी काय करते ते सांगते. वस्तू तयार झाली की लगेच तिला मराठीत बोलतं नाव द्यायचं, मग बाकी सगळं. हॅलोच्या तळाशी नाव दिसतं, त्यावर क्लिक करून बदलता येतं. तुमच्या संगणकावर देवनागरी उमटत नसेल तर इंग्रजी अक्षरांत चेंडू लिहा, चालतं. दुसरं, व्ह्यूअर उघडा ठेवण्यापेक्षा त्यातल्या हव्या त्या नोंदीचा वॉचर बाहेर काढून चित्राशेजारी चिकटवते. वॉचरचे दोन प्रकार आहेत, साधा आणि सविस्तर. सविस्तरच घ्या, त्यावर वस्तूचं नावही लिहिलेलं असतं. आणि मूल म्हणालं की मी बदललंय पण दिसत नाही, तर मी आता आधी व्ह्यूअरमधला एक्स हळूहळू वाढवून बघते. जी वस्तू हलेल ती खरी. पडद्यावर काहीच हललं नाही तर ती कुठंतरी मागं लपलेली आहे. एक्स वाढत गेला की झाडामागून आपोआप बाहेर येते.

ती मुलगी परत आली का, हे तुम्ही विचारणार. पिवळा चेंडू सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला वर्गासमोर बोलावलं, झाड सगळ्यांसमोर बाजूला केलं आणि सांगितलं, की हिचं बरोबर होतं, मॅडमचं चुकलं होतं. ती काही बोलली नाही. शनिवारी मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मी मागून जाऊन बघितलं तर चेंडूंची नावं बदलून झाली होती. एकाचं 'समोरचा'. दुसऱ्याचं 'झाडामागचा'.